वेबसाइटवर दुकान थाटताय? शॉपिंग कार्ट निवडण्याआधी कोल्हापूर आणि बंगळूरचा हिशेब मांडा

बेळगाव : कुंदा, मांडे, गोकाकचे करदंट, शहापूर-वडगावच्या साड्या, मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक. या मालाला गिऱ्हाईक फक्त बेळगावातच आहे असे नाही. पुणे, मुंबई, गोवा, इंदूर, बडोदा इथून फोन येतात, व्हॉट्सअॅपवर मागणी येते. अनेक दुकानदारांची आणि संस्थांची वेबसाइटही आहे. मुलाने किंवा भाच्याने कधीतरी वर्डप्रेस किंवा जूमलावर करून दिलेली. त्यावर दुकानाचा इतिहास, फोटो, पत्ता आणि फोन नंबर असतो. मग एक दिवस वाटते, की याच साइटवर माल विकता आला तर?

तिथून शॉपिंग कार्टचा शोध सुरू होतो. कार्ट म्हणजे ग्राहकाने माल निवडायचा, पिशवीत टाकायचा, पत्ता द्यायचा, पैसे भरायचे आणि दुकानदाराला ऑर्डर पोचायची, हे सगळे सांभाळणारे सॉफ्टवेअर. फुकट, विकत, महिन्याच्या भाड्याचे असे डझनावारी पर्याय समोर येतात. बहुतेक जण दिसायला छान कोणते आणि स्वस्त कोणते, एवढेच बघून निवडतात. सीमाभागातल्या दुकानदाराला मात्र यात आणखी एक प्रश्न आधी विचारावा लागतो, की हे सॉफ्टवेअर राज्याची सीमा ओळखते का?

निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात

बेळगावहून बंगळूर सुमारे 500 किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे 110 किलोमीटर. व्यवहारात कोल्हापूर घरचे. जीएसटीच्या वहीत मात्र बंगळूर घरचे आणि कोल्हापूर परराज्य. निपाणीला पाठवलेले पार्सल राज्यातले आणि तिथून पुढे कागलला गेलेले राज्याबाहेरचे. चंदगड, सावंतवाडी, पणजी सगळे बाहेरचेच.

समजा, 5 टक्के जीएसटी असलेला 1,000 रुपयांचा माल विकला. ग्राहक निपाणीचा असेल तर बिलावर 25 रुपये सीजीएसटी आणि 25 रुपये एसजीएसटी लागतो. ग्राहक कागलचा असेल तर 50 रुपये आयजीएसटी. दोघेही 1,050 रुपयेच देतात. ग्राहकाच्या खिशाला फरक पडत नाही, त्यामुळे बिल चुकले तरी कुणी तक्रार करत नाही. चूक कळते ती रिटर्न भरताना किंवा नोटीस आल्यावर.

आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी भरला गेला, तर कायद्याप्रमाणे योग्य खात्यात कर पुन्हा भरावा लागतो आणि आधी भरलेल्याचा परतावा मागावा लागतो. त्यावर व्याज लागत नाही, पण पैसे अडकतात. दिवाळीत महाराष्ट्रात अशा 200 ऑर्डरी गेल्या असतील, तर 10,000 रुपये दुसऱ्यांदा भरायचे आणि परताव्याची वाट बघायची. शिवाय सीएची फी वेगळी. लहान दुकानाच्या भांडवलात हे 10,000 जाणवतात.

आणखी एक गुंता भेटवस्तूंचा. टिळकवाडीतली एक महिला पुण्यातल्या लेकीला कुंदा पाठवते. बिल टिळकवाडीच्या नावावर, माल पुण्याला. कर कुठल्या राज्याचा? जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकासाठी ऑक्टोबर 2023 पासून बिलावर नोंदलेला पत्ता धरला जातो आणि बिलाचा व डिलिव्हरीचा पत्ता वेगळा असेल तर डिलिव्हरीचा पत्ता धरायचा, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जून 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे या बिलावर आयजीएसटी. कार्टला बिलाचा पत्ता आणि डिलिव्हरीचा पत्ता वेगवेगळे ठेवता यायला हवेत आणि कर डिलिव्हरीच्या पत्त्यावरून काढता यायला हवा. ही पहिली कसोटी. इथेच जे सॉफ्टवेअर नापास होते, त्याचे बाकीचे गुण बघायची गरज नाही.

वर्डप्रेसवरच्या वूकॉमर्समध्ये यासाठी सेटिंग आहे. कर कशावरून काढायचा याला तीन पर्याय असतात : डिलिव्हरीचा पत्ता, बिलाचा पत्ता किंवा दुकानाचा पत्ता. यातला दुकानाचा पत्ता निवडला गेला, तर जगात कुठेही माल पाठवा, प्रत्येक बिल कर्नाटकाचेच निघते. कर्नाटकासाठी सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी आणि उरलेल्या भारतासाठी आयजीएसटीची एक ओळ अशी कराची मांडणी करावी लागते. सीजीएसटी आणि एसजीएसटी यांना वेगवेगळा प्राधान्यक्रम दिला नाही, तर दोहोंपैकी एकच लागतो आणि निम्मा कर बिलातून गायब होतो.

आधी नोंदणी बघा, मग सॉफ्टवेअर

कार्ट बसवण्याआधी सीएकडे जाऊन एक गोष्ट विचारून घ्यावी. कर्नाटकात मालाच्या विक्रीसाठी 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे बहुतेकांना माहीत असते. पण ही सवलत राज्यातल्या विक्रीपुरती. करपात्र माल परराज्यात विकायचा तर सर्वसाधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तू बनवणाऱ्या कारागिरांना ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त पुस्तकेच विकणाऱ्या प्रकाशकाचा किंवा वाचनालयाचा प्रश्न वेगळा ठरतो.

कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला तर परराज्यात माल विकताच येत नाही. त्याच्या वेबसाइटने चंदगडची ऑर्डर घेतली, तर ती ऑर्डरच नियमाबाहेरची. अशा दुकानाला ‘फक्त कर्नाटकात डिलिव्हरी’ असा कुलूपबंद पर्याय देणारी कार्ट हवी. वूकॉमर्समध्ये हे डिलिव्हरीच्या झोनवरून करता येते. कर्नाटकाचा झोन करायचा आणि बाकी ठिकाणांना डिलिव्हरीची एकही पद्धत द्यायची नाही. मग बाहेरच्या पत्त्यावर ऑर्डर पुढे सरकत नाही.

आहे त्या साइटला जोडायचे, की वेगळे दुकान घ्यायचे?

कार्ट बसवण्याचे ढोबळ तीन मार्ग आहेत.

पहिला, आहे त्या साइटच्या आतच कार्ट बसवणे. वर्डप्रेसला वूकॉमर्स, जूमलाला व्हर्च्युमार्ट किंवा हिकाशॉप, ड्रुपलला ड्रुपल कॉमर्स. फायदा असा, की मजकूर, फोटो, माल आणि ऑर्डरी एकाच ठिकाणी राहतात. मांड्यांवरचा लेख वाचता वाचता ग्राहक तिथेच मांडे मागवू शकतो. माहितीचा साठाही आपल्याच होस्टिंगवर. तोटा असा, की अपडेट, बॅकअप, सुरक्षा ही सगळी कटकट आपल्याच गळ्यात.

दुसरा, शॉपिफायसारखी भाड्याची सेवा. महिन्याचे भाडे भरायचे, सर्व्हरची काळजी त्यांची. यांचे ‘खरेदी करा’ बटण आपल्या जुन्या साइटवर लावता येते, त्यामुळे साइट मोडावी लागत नाही. पण भाडे थांबले की दुकान बंद. काही सेवा पेमेंट गेटवेच्या शुल्काशिवाय दर व्यवहारावर आपलेही शुल्क घेतात. ते करारात आधी वाचून घ्यावे.

तिसरा मार्ग कुणी सांगत नाही, कारण त्यात कुणाला कमिशन मिळत नाही. तो म्हणजे कार्टच न बसवणे. महिन्याला दहा-पंधरा ऑर्डरी येत असतील आणि मालाचे चार-पाचच प्रकार असतील, तर साइटवर एक साधा फॉर्म आणि गेटवेची पेमेंट लिंक पुरते. बिल टॅलीत नेहमीसारखे करायचे. ऑर्डरी वाढल्या की कार्ट बसवता येते. आधी कार्ट बसवून वर्षभर रिकामी ठेवण्यापेक्षा हे बरे.

आहे त्या साइटला कार्ट जोडताना उलटा प्रवास टाळावा. जूमलाची साइट चांगली चालली आहे, पण कुणीतरी वूकॉमर्स चांगले म्हणाले म्हणून सगळी साइट वर्डप्रेसवर हलवायची, असे अनेक ठिकाणी घडते. त्यात जुने लेख, जुने दुवे मोडतात. आहे त्या व्यवस्थेत बसणारी, कराची कसोटी पास होणारी कार्ट मिळत असेल तर तीच घ्यावी.

सॉफ्टवेअर जिवंत आहे का?

कार्टचे सॉफ्टवेअर पण म्हातारे होते. वूकॉमर्स 2011 मध्ये जिगोशॉप नावाच्या दुसऱ्या कार्टच्या कोडवरूनच तयार झाले. मूळ जिगोशॉप मागे पडले आणि वूकॉमर्स पुढे गेले. 2015 मध्ये ते वर्डप्रेसच्या क्षेत्रातल्या ऑटोमॅटिक कंपनीने घेतले. मॅजेंटोच्या पहिल्या आवृत्तीचा अधिकृत आधार जून 2020 मध्ये संपला. जूमला 3 चा ऑगस्ट 2023 मध्ये, ड्रुपल 7 चा 5 जानेवारी 2025 रोजी. त्या जुन्या आवृत्त्यांवर उभी असलेली दुकाने एक तर हलवावी लागली, नाहीतर सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय चालू राहिली. ग्राहकांची नावे, पत्ते, फोन नंबर असलेल्या साइटला हा धोका परवडत नाही.

म्हणून निवडताना शेवटचे अपडेट कधी आले ते बघावे. ते वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे असेल तर नाद सोडावा. आपल्या साइटच्या आताच्या आवृत्तीवर ते चालते का, हेही बघावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माल, ग्राहक आणि ऑर्डरींची यादी एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये बाहेर काढता येते का, हे तपासावे. उद्या दुकान हलवायची वेळ आली तर हीच यादी कामाला येते. ती बाहेर निघत नसेल, तर दुकान आपले असले तरी वही दुसऱ्याच्या तिजोरीत आहे असे समजावे.

पैसे कापले गेले आणि ऑर्डर रद्द!

पेमेंट गेटवे साधारण 2 टक्के शुल्क घेतात असे धरले, तर 1,000 रुपयांच्या ऑर्डरवर 20 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 3 रुपये 60 पैसे. हातात 976 रुपये 40 पैसे. ऑर्डर रद्द करून ग्राहकाला पैसे परत केले, तरी गेटवेचे शुल्क बहुतेक वेळा परत मिळत नाही. हा खर्च किमतीत धरलेला असावा.

निवडलेल्या कार्टसाठी आपल्या गेटवेचे तयार प्लगइन आहे का, हे आधी बघावे. वूकॉमर्ससाठी भारतातल्या बहुतेक गेटवेंचे प्लगइन मिळतात. जूमलाच्या कार्टसाठी ते नसेल किंवा जुने असेल, तर प्रोग्रामर लावून करून घ्यावे लागते. तो खर्च आधी विचारून घ्यावा. कार्डाचा तपशील आपल्या साइटवर साठवण्याचा विचारही करू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवता येत नाही. ते काम गेटवेच्या पानावरच व्हायला हवे.

एक बारीक पण डोकेदुखीची गोष्ट. ग्राहक यूपीआयने पैसे भरतो आणि साइटवर परत न येता मोबाइल बंद करतो. पैसे आले हे साइटला कळायला गेटवेकडून परस्पर निरोप यावा लागतो. त्याला वेबहुक म्हणतात. ते सेट केलेले नसेल तर ऑर्डर ‘पैसे बाकी’ अशीच दिसते. वूकॉमर्समध्ये साठ्याची मोजणी चालू असेल, तर अशी ऑर्डर ठरलेल्या वेळेनंतर आपोआप रद्द होते. ही वेळ मुळात 60 मिनिटे ठेवलेली असते. ग्राहकाचे पैसे गेले आणि ऑर्डर रद्द! मग दिवाळीच्या गर्दीत फोनवर वाद. साइट करून देणाऱ्याकडून हे पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे.

मांडे हलके, भाडे जड

कुरियरचा हिशेब फक्त वजनावर होत नाही. बहुतेक कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला 5,000 ने भागतात. हे आकड्यातले वजन आणि खरे वजन यांतले जे जास्त, त्याचे भाडे लावतात. मांडे मोडू नयेत म्हणून 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरच्या खोक्यात पाठवले, तर आत माल एक किलोचा असला तरी भाडे 4.8 किलोचे. तेवढ्याच वजनाचा कुंदा छोट्या डब्यात एक किलोच्याच भाड्यात जातो.

म्हणून प्रत्येक मालाचे वजन आणि मापे दोन्ही नोंदवता येतील आणि त्यावरून डिलिव्हरीचा खर्च काढता येईल, अशी कार्ट हवी. मापावरून खर्च काढायला बहुधा वेगळे प्लगइन लागते, त्याची वर्षाची किंमत विचारावी. सरसकट ‘डिलिव्हरी 60 रुपये’ असे लिहून ठेवले, तर मांड्यांच्या प्रत्येक पार्सलमागे पदरचे पैसे जातात.

पत्त्यासाठी शहराच्या नावावर भरवसा ठेवू नये. ग्राहक बेळगाव, बेळगावी, बेलगाम काहीही लिहितात, इंग्रजीत तर आणखी दोन-तीन तऱ्हा. पिनकोड मात्र एकच. बेळगाव जिल्ह्याचे पिनकोड 590 आणि 591 ने सुरू होतात. वूकॉमर्सच्या झोनमध्ये पिनकोडची अशी मालिका देता येते, म्हणजे जिल्ह्यात स्वस्त किंवा मोफत डिलिव्हरी ठेवता येते. पण पिनकोडवरून राज्य ठरवायचा शॉर्टकट नको. गोव्याचे पिनकोड 403 ने सुरू होतात आणि पहिला आकडा 4 महाराष्ट्राचाही आहे. राज्य ग्राहकाकडून यादीतूनच निवडून घ्यावे.

मराठी दिसते, पण बिलावर?

साइटवर मराठी नीट दिसली म्हणजे काम झाले असे नाही. ईमेलने जाणारे पीडीएफ बिल उघडून बघावे. बिल बनवणारी अनेक प्लगइन डॉमपीडीएफ नावाचे साधन वापरतात. त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला पडते. ‘किलो’, ‘दिवाळी’, ‘मिठाई’ हे शब्द वाचता येत नाहीत. एमपीडीएफ वापरणाऱ्या प्लगइनमध्ये ही सोय असते. दुसरा उपाय म्हणजे साइट मराठीत ठेवायची आणि बिल इंग्रजीत.

मालाच्या पानाचा पत्ता, म्हणजे लिंक, रोमन अक्षरांत ठेवावी. वर्डप्रेसमध्ये लिंकच्या या भागाला 200 अक्षरांची मर्यादा आहे. मराठीचे प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये नऊ अक्षरांची जागा घेते. मात्रा, वेलांट्या, हलन्त धरून साधारण 22 चिन्हांतच जागा संपते आणि नाव मध्येच तुटते. व्हॉट्सअॅपवर पाठवली तर टक्क्याच्या खुणांची भलीमोठी माळ दिसते. नाव मराठीत ठेवून लिंक मात्र रोमनमध्ये देता येते.

प्रकाशकांनी आणखी एक काळजी घ्यावी. पुस्तकांच्या जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्या तशाच चिकटवल्या तर भलतीच अक्षरे दिसतात आणि ग्राहकाने पुस्तकाचे नाव शोधले तर सापडत नाही. आधी सगळे युनिकोडमध्ये करून घ्यावे.

बिलाचा नंबर आणि कायद्याचे पान

जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचे नंबर सलग हवेत, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारे आणि 16 अक्षरांपेक्षा लांब नसलेले. वूकॉमर्सचा ऑर्डर नंबर सलग येत नाही. साइटवरच्या लेख-फोटोंच्या नोंदींमध्येच त्याची गणती होते, त्यामुळे मध्ये आकडे उडतात. 412 नंतर थेट 437. हा नंबर बिलाला वापरू नये. बिलासाठी वेगळी मालिका देणारे प्लगइन घ्यावे आणि 1 एप्रिलला मालिका नव्याने सुरू होते का ते बघावे.

ऑनलाइन विक्रीला 2020 चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू आहेत. विक्रेत्याचे नाव-पत्ता, माल परत घेण्याच्या आणि पैसे परत करण्याच्या अटी, तक्रार कुणाकडे करायची ही माहिती साइटवर हवी. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यावा लागतो. ग्राहकाच्या संमतीचा चौकोन आधीच टिक केलेला ठेवता येत नाही. कार्टमध्ये तो मुळातच टिक करून आलेला असेल तर काढून टाकावा. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआयचा क्रमांक द्यावा आणि पॅकबंद मालावर असते ती एमआरपी, निव्वळ वजन वगैरे माहिती साइटवरही दाखवावी. मालाच्या पानावर असे जादा रकाने करता येतात का, हेही निवडीआधी विचारावे.

सुरू करण्याआधी सहा ऑर्डरी

साइट करून देणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यासमोर बसून गेटवेच्या चाचणी पद्धतीत सहा ऑर्डरी टाकाव्यात.

1. खडेबाजारचा पत्ता : सीजीएसटी आणि एसजीएसटी, जिल्ह्याचा डिलिव्हरी दर.
2. बंगळूरचा पत्ता : कर तोच, डिलिव्हरीचा दर वेगळा.
3. कोल्हापूरचा पत्ता : आयजीएसटी. कंपोझिशनवाल्यांसाठी ही ऑर्डर अडायला हवी.
4. पणजीचा पत्ता, 403 ने सुरू होणारा पिनकोड : राज्य गोवा, कर आयजीएसटी.
5. बिल बेळगावचे आणि डिलिव्हरी पुण्याची : आयजीएसटीच यायला हवा.
6. पैसे भरून मोबाइल लगेच बंद : तरीही ऑर्डर ‘पैसे मिळाले’ अशी दिसायला हवी. मग तीच रद्द करून पैसे परत जातात का ते बघायचे.

सहाही बिले छापून सीएला दाखवावीत. त्याने होकार दिला की दुकान उघडायला हरकत नाही. एखादे चुकले तर दुरुस्ती तेव्हाच करून घ्यावी. साइट करणारा तेव्हा समोर असतो, दिवाळीच्या आठवड्यात तो फोन उचलेलच असे नाही.

फुकटचे सॉफ्टवेअरही तसे फुकट नसते. डोमेन, होस्टिंग, बिलाचे प्लगइन, डिलिव्हरीचे प्लगइन आणि देखभाल यांचा खर्च दरवर्षी येतो. तो कागदावर लिहून घ्यावा, त्याला वर्षाच्या अपेक्षित ऑर्डरींनी भागावे आणि एका ऑर्डरमागे किती पडतात ते बघावे. तो आकडा एका ऑर्डरमागच्या नफ्यापेक्षा जास्त निघाला, तर सध्या फॉर्म आणि पेमेंट लिंकवरच काम भागवावे आणि पुढच्या दिवाळीआधी हाच हिशेब पुन्हा करावा.